जवळ्यातला तारामासा

हलिमाभाभी,

आधी माझ्या अक्षराची आणि चुकांची माफी मागते. ऱ्हस्व कुठं आणि दीर्घ कुठं हे मला कधीच नीट कळलं नाही. माझी ओळ सरळ निघते आणि शेवटाला उतारावरच्या बैलगाडीसारखी खाली येते. मिशनच्या शाळेत चौथीपर्यंत बसले, तेवढीच माझी पुंजी. मग मनात आलं, माफी कुणाची मागते आहे मी? तुम्ही कुराण वाचायचात, उर्दूही थोडं लावायचात, पण मराठी अक्षराशी तुमचं जमलं नाही. माझी करुणा अभ्यासाला बसली की तिच्या पुस्तकात डोकावून तुम्ही म्हणायचात, "ही समदी अक्षरं दांडीला का लटकवल्यात गं? आमच्या गावात बोंबील असंच वाळत घालत्यात." तेव्हापासून पुस्तक उघडलं की मला वास येतो.

तुम्हाला जाऊन महिनाही झाला नाही. लोक येऊन बसले, हलिमा फार कष्टाची होती, दिलाची मोठी होती, म्हणून गेले. खरंच आहे ते. पण तुम्ही चहा फुंकर न घालता प्यायचात आणि तोंड भाजलं की मलाच रागवायचात, हे कुणी बोललं नाही. तारामाशाचं तर कुणाला ठाऊकच नाही. ते आपल्या दोघींचं भांडण होतं आणि ते अर्ध्यावर राहिलं. तळेगावच्या बाजारातली आपली सुकट-जवळ्याची जागा एकटीनं चालवायची की सोडून भावाकडं शिरूरला जायचं, हे मला या महिन्यात ठरवायचं होतं. बसल्या बसल्या मला सारखं तेच भांडण आठवत होतं. म्हणून पहिल्यापासून लिहिते.

करुणाचे बाबा दौंडच्या लोको शेडमध्ये तुमच्या यजमानांच्या, इस्माईलभाईंच्या, हाताखाली होते. ते छातीच्या दुखण्यानं गेले, रेल्वेची खोली सुटली, तेव्हा करुणा दुसरीत होती. शिरूरहून माझा भाऊ आला. म्हणाला, मिशनच्या बोर्डिंगात नाताळानंतर स्वयंपाकाला बाई लागणार आहे. "तिथं तुला कुणाशी बोलावं लागणार न्हाई, शांता. भाकरी थापायच्या आन् भांडी घासायची. तुझ्यासारखीला तेच बरं." त्याचं काही चुकलं नाही. दुकानात पावशेर साखर मागायची तरी मी वाटेत ते वाक्य घोकत जायचे, आणि दुकानदारानं "काय पाहिजे?" विचारलं की मीठ घेऊन घरी यायचे.

पण नाताळ लांब होता आणि पीठ संपत आलं होतं. दुसऱ्या दिवशी तुम्ही दारात उभ्या.

"नाताळापतुर काय खाशीला? दगडं? माझं गुडघं गेल्यात. सुकटीची गोण उचलाया माणूस पायजे. चल."

"भाभी, मला बाजारात बोलता यायचं नाही."

"तुला कोण बोल म्हनतंय? मी हाय की बोलाया. माझी बोलती बंद करनारं अजून जन्मलं न्हाई."

अशी मी तुमच्याबरोबर निघाले. वरवंड, यवत, तळेगाव ढमढेरे, ज्या दिवशी जिथला बाजार तिथं. एस.टी.चा कंडक्टर गोण बघितली की कपाळाला हात लावायचा. "मावशी, टपावर टाका ती. मागच्या खेपंला अख्ख्या गाडीनं नाक धरलं हुतं." तुम्ही म्हणायचात, "नाक धरलं, पन उतरताना तिघांनी इकत घेतलं, ते न्हाई का सांगत?"

आठवडाभरातच तुम्ही मला माझा वेगळा ढीग लावून दिलात. उधारीवर. "इकलं की दे, न्हाई इकलं तर आपन खाऊ." आणि तुम्ही नमाजाला गेलात. मला इतकी लाज वाटली, भाभी. शिरूरच्या ओळखीचं कुणी येईल, मिशनच्या चर्चमधली बाई येईल आणि नाकाला पदर लावील, या भीतीनं मी वाळक्या जवळ्याच्या ढिगावर ओलं पोतं पसरलं. वर लिंबाचा पाला टाकला. बाजाराच्या शेवटाला, भिंतीच्या कडेला अंग चोरून बसले. परत येऊन तुम्ही बघितलंत, आणि कमरेवर हात ठेवून हसलात ते आजूबाजूच्या मिरचीवाल्यांनाही ऐकू गेलं.

"अगं, मयतावर कापड घालत्यात तसं घातलंस की! वरून पाला. आता लोकांनी इकत घ्यायाचं का दुवा मागायची?"

त्या दिवशी मी चार आण्यांचंही विकलं नाही.

त्याच ढिगातला उरलेला जवळा घरी सुपात पाखडत होते. तुम्ही शेजारी. वाळू, खेकड्यांच्या नांग्या, काड्या वेगळ्या होत होत्या आणि मधूनच ते निघालं. पाच टोकांचं, चपटं, भाजून काढलेल्या पापडाच्या रंगाचं, कडेनं बारीक काटे. करुणा ओरडली, "आई, चांदणी!" तुम्ही हातात घेतलंत आणि तुमचा चेहराच बदलला. लग्न होऊन दौंडला येऊन इतकी वर्षं झाली, बोलीसुद्धा देशावरची झाली, पण त्या क्षणी तुम्ही रेवदंड्याजवळच्या तुमच्या गावच्या वाळूत उभ्या होता. "तारामासा हाय ह्यो. ओहोटीला वाळूत लपून बसतो. लहानपनी आम्ही पकडून भावांच्या पाठीवर ठेवायचो."

त्याचं मध्यभागी पोट फुगलेलं होतं. करुणानं अंगठ्यानं दाबलं तसं ते मोडलं, आणि सुपात चिमूटभर शिंपल्या सांडल्या. नखाएवढ्या. अख्ख्या. त्यानं फोडल्या नव्हत्या, तशाच गिळल्या होत्या. आणि सगळ्या एकाच जातीच्या.

"बघ," तुम्ही म्हणालात. "कसा निवडून खातो."

का कोण जाणे, मी बोलले. माझ्याच तोंडून मला ऐकू आलं. "निवडून कशावरून? तिथं तेवढ्याच असतील. मिळालं ते खाल्लं."

"समुद्रात तेवढ्याच? अगं, समुद्र हाय त्यो, तुझा पिठाचा डबा न्हवं."

"तुम्ही काय त्याच्याबरोबर जेवायला बसला होता?"

तुम्ही करुणाकडं वळून बघितलंत. मग म्हणालात, "करुणा, तुझ्या आईला भांडता येतं की गं!"

आपलं भांडण तिथं सुरू झालं. तव्यावर भाकरी असताना, एस.टी.ची वाट बघताना, कुठंही तुम्ही ते उकरून काढायचात. मला बोलतं करायचा तो तुमचा डाव होता हे आता कळतं. तेव्हा मला वाटायचं, मी जिंकले पाहिजे.

पुढच्या उन्हाळ्यात माल भरायला तुम्ही माहेरी निघालात आणि मलाही ओढलंत. तुम्हाला रेल्वेचा पास, मला तिकीट. तिकिटाचे आणि त्या खेपेच्या मालाचे पैसे तुम्हीच घातलेत. मुंबईहून लाँचनं रेवसला जाताना मी रेलिंगला दोन्ही हातांनी धरून डोळे मिटून स्तोत्र म्हणत होते. तुम्ही कानाशी येऊन म्हणालात, "डोळं उघड. देवानं दाखवाया आणलंय, आन् तू त्यालाच दार लावतीयास."

दुसऱ्या दिवशी ओहोटीला वाळूत गेलो. आधी मला काहीच दिसेना. मग तुम्ही बोट दाखवलंत. ओल्या वाळूवर बारीक चांदणीचा ठसा होता. खाली हात घातला की जिवंत तारामासा. मी उताणा करून पाहिला. खाली शेकडो बारीक पाय, टोकदार, सुयांसारखे, सगळे आपापल्या दिशेला हलणारे. डोकं नाही, तोंड पोटाच्या मधोमध. ह्याला कुठं जायचं हे कोण सांगतं, मी विचारलं. तुम्ही म्हणालात, "पायच चाखत्यात. आपन जिभेनं चाखतो, ह्यो पायांनी."

मग भावजयीची भाताची परात तुम्ही न विचारता आणलीत. वाळू आणि समुद्राचं पाणी भरलं, आणि तिसऱ्यांतली एक मोठी शिंपली, एक गोगलगाईसारखा बारका शंख आणि नखाएवढी एक शिंपली वाळूत पुरली. मधे तारामासा सोडला. आपण दोघी दोन बाजूंना उकिडव्या. भावजय दारातून ओरडली, "अगं, त्या परातीत पाव्हण्यांना भात वाढायचा हाय!" तुम्ही बोट ओठांवर ठेवलंत, जसा काही तो तारामासा दचकणार होता.

तो आधी निम्मा वाळूत बुडाला. मग सरकू लागला. मोठ्या तिसरीवर एक हात गेला, पाय थोडा वेळ तिथं चाचपडले, आणि तो पुढं गेला. मी म्हणाले, "सोडली." शंखापाशी पोहोचायच्या आतच शंख उठला आणि परातीच्या काठाला पळाला. मी शंखाला कधी पळताना पाहिलं नव्हतं. मग तो बारक्या शिंपलीच्या जागेवर आला, थांबला, मधून उंच झाला, तंबूसारखा, आणि पुन्हा बसला. वाळू उकरून बघितली तर शिंपली नव्हती.

"जिंकले!" तुम्ही टाळी वाजवलीत. "मोठी सोडली, बारकी घेतली. निवड."

"मोठी तोंडात मावत नव्हती, भाभी. शंख पळाला. राहिली ती खाल्ली. ह्याला निवड म्हणतात का?"

"चाखून सोडली ना?"

"सोडली, पण जमत नव्हतं म्हणून सोडली."

"मग तू काय करतीस आयुष्यात? जमत न्हाई ते सोडतीस, पळालं त्याच्यामागं लागत न्हाईस, तोंडात मावंल तेवढं घेतीस. त्यालाच निवड म्हनत्यात, शांते."

दोन दिवस त्याला उपाशी ठेवून आपण परातीत मेलेल्या मासळीचा तुकडा टाकला, तर तेही त्यानं घेतलं. मी लगेच म्हणाले, "बघा. भुकेपुढं निवड नाही. पोट भरलेलं असेल त्यानंच निवडावं." यावर तुम्ही काही बोलला नाहीत. बोलती बंद करणारं जन्माला आलं, असं मला वाटलं. रात्री मात्र अंथरुणावरून म्हणालात, "मी तुला गोण दिली तवा तू उपाशी हुतीस. म्हंजी माझ्यासंगं आलीस ती निवडून न्हाई."

मी गप्प राहिले. खरं तेच होतं. शिरूर लांब होतं आणि तुम्ही दारात होता. पण ते तुम्हाला लागलं होतं हे मला अंधारात, तुमच्या कूस बदलण्यावरून कळलं.

निघायच्या दिवशी सकाळी आपण पुन्हा वाळूत गेलो. ओहोटीचं पाणी एका अरुंद ओहोळातून वाहत होतं. करुणाला दाखवायला म्हणून मी रिकाम्या शिंपल्या वेचत होते आणि एक तिसरी माझ्या पायाखाली फुटली. थोड्या वेळानं बघते तर ओहोळाच्या खालच्या अंगाचे तीन-चार तारामासे वाळूतून वर आलेले आणि पाण्याच्या उलट, माझ्या पायाकडं चाललेले. वरच्या अंगाला होते ते हललेसुद्धा नाहीत. त्यांच्याकडं पाणी गेलंच नव्हतं. वास ज्यांच्यापर्यंत गेला ते आले.

परतीच्या एस.टी.त मी तुम्हाला म्हणाले, "भाभी, मी चुकीच्या जागी बसत होते. भिंतीच्या आडोशाला. वाऱ्याच्या खाली."

"म्हंजी?"

"पश्चिमेचा वारा असतो. आपण बाजाराच्या पश्चिमेच्या तोंडाला बसायचं. पोतं काढून. मला ओरडता येत नाही, पण वास तर ओरडेल."

तुम्ही इतक्या जोरात हसलात की पुढच्या बाकावरचे आजोबा वळून बघू लागले. पण तळेगावच्या पुढच्या बाजारात तुम्ही चिमूटभर कोंडा हवेत उडवून वारा बघितलात आणि बाभळीखालची ती जागा धरलीत. गोणीचं तोंड मी स्वतः उघडलं. वास पसरला. बायका नाकाला पदर लावून गेल्या खऱ्या, पण ज्यांच्या घरात कालवणाला काही नव्हतं त्या पदर लावूनच वळल्या. मला माझी लाज आठवायला सवडच मिळाली नाही.

तेव्हापासून तुम्ही बोलायचं आणि मी तोलायचं. शेर गेले, किलो आले, तेव्हा नवी वजनं मी आधी शिकले आणि तुम्हाला शिकवली. "घ्या जवळा, वास घ्या फुकाट, पैसं फक्त जवळ्याचं!" असं तुम्ही ओरडायचात आणि मी खाली मान घालून हसायचे. माझं देणं मी थोडं थोडं फेडत गेले. पण शेवटचा एक रुपया तुम्ही घ्यायला तयार नव्हता. मी पुढं केला की हात मागं.

"र्‍हाऊ दे. हिशोब पुरा झाला की येनं-जानं तुटतं. आमच्यात असंच म्हनत्यात."

"तुमच्यात म्हणजे कुणात?"

"माझ्यात."

तुमचं खोकल्याचं दुखणं वाढल्यावर मी रोज संध्याकाळी यायचे. तुम्हाला पेज चालायची नाही, चहा चालायचा. शेवटच्या आठवड्यात तुम्ही म्हणालात, "बरी झाले की जाऊ पुन्यांदा. ह्या खेपंला पोट भरलेला तारामासा घ्यायाचा. भरल्या पोटी काय करतो बघू. तवा कळंल तुझं खरं का माझं." मी म्हणाले, परात आपली न्यायची, भावजयीची नाही. त्यावर तुम्ही हसलात. मला तेव्हा म्हणायचं होतं की भाभी, त्या रात्री मी गप्प बसले ते चुकून, मी तुमच्यामुळं आले आणि तुमच्यामुळं राहिले. पण तुम्हाला खोकला आला आणि मी पाणी आणायला उठले.

तुम्ही गेलात त्या दिवशी पुरुष तुम्हाला घेऊन गेले. आम्ही बायका दारात राहिलो. मी माझ्या पद्धतीनं प्रार्थना केली. चालेल ना?

दोनच दिवसांनी भावाचं पत्र आलं. बोर्डिंगात पुन्हा जागा आहे, आता मुख्य बाईची. पगार नक्की, राहायला खोली, करुणाला तिथंच हायस्कूल. शेवटी तेच वाक्य, तिथं तुला कुणाशी बोलावं लागणार नाही. इकडं तळेगावच्या बाजारात मिरचीवाल्या आप्पांनी निरोप धाडला की बाभळीखालची जागा फार दिवस रिकामी राहिली तर दुसरं कुणीतरी बसेल, मग भांडून उपयोग नाही.

भाभी, या वेळी माझ्या डब्यात पीठ होतं. अंगावर धड लुगडं होतं. करुणाची फी भरलेली होती. दोन्ही कामं माझ्यापुढं होती, दोन्ही हाताला लागण्यासारखी. आणि मला तुमची परात आठवली. पोट भरलेला तारामासा आपण कधी बघितला नाही. मग मीच तो होऊन बघितलं.

गेल्या बाजाराला मी एकटी गोण घेऊन स्टँडवर गेले. कंडक्टरनं गोण बघितली, मला बघितलं, इकडंतिकडं तुम्हाला शोधलं. "मोठ्या मावशी?" मी मान हलवली. त्यानं खाली उतरून गोण स्वतः टपावर चढवली.

बाभळीखाली बसले. कोंडा उडवला. पोतं काढलं. वास गेला. एक म्हातारी वळून आली, बरोबर नात. चिमूटभर जवळा उचलून वास घेतला आणि म्हणाली, "आज ती बडबडी बाई न्हाई व्हय?"

"नाही. गेल्या त्या."

"अरारा! मग आता कोन सांगनार गं, जवळा कसा हाय ते?"

वाटेत घोकलेलं एकही वाक्य आठवेना. मग मी म्हणाले, "मी सांगते ना, मावशी. रेवदंड्याकडचा आहे. वाळू नाही, मी स्वतः पाखडलाय. वास घ्या, फुकट आहे. पैसे फक्त जवळ्याचे." आप्पांनी मिरच्या तोलताना मान वर केली. म्हातारी हसली आणि नातीला म्हणाली, "पिशवी धर." दुपारपर्यंत गोण निम्मी झाली. माझा आवाज बसला. मला आवाज आहे, तो बसूही शकतो, हे पहिल्यांदा कळलं.

भावाला मी पत्र पाठवलं आहे. करुणाला लिहायला सांगितलं नाही, स्वतः लिहिलं. लिहिलं की येणार नाही, इथंच बरं आहे, आणि राग मानू नकोस. एवढंच लिहिलं. म्हणजे तुम्ही जिंकलात, भाभी. अर्ध्यानं. पहिल्यांदा मी भुकेनं आले, हे माझं म्हणणं मी सोडत नाही. पण या वेळी मी निवडून बसले.

काल संध्याकाळी इस्माईलभाईंकडं गेले. ते ओट्यावर एकटेच बसले होते, समोर चहा निवत होता. मी पदरातून रुपया काढून पुढं केला. "भाभींचा राहिलेला."

त्यांनी रुपयाकडं बघितलं. "तिनं कधी घेतला न्हाई. तिला म्हाईत हुतं काहीतरी."

"त्या म्हणायच्या, हिशोब पुरा झाला की येणं-जाणं तुटतं."

"व्हय. मलाबी म्हनायची." त्यांनी रुपया घेतला. डोळ्यांजवळ नेऊन उलटसुलट बघितला, कुर्त्याच्या खिशात टाकला आणि खिशावर हात ठेवून म्हणाले, "घेतला. आता तुझं आमच्याकडं काही राहिलं न्हाई, शांताबाई." मग उठले, आत गेले, घरी जवळा मोजायचं तुमचं लाकडी माप घेऊन बाहेर आले. तोच रुपया पुन्हा खिशातून काढून माझ्या हातावर ठेवला. "एक रुपयाचा जवळा दे. ही गेल्यापासून घरात कालवणाला काही न्हाई."

मी घरी येऊन पाखडून ठेवलेला चांगला जवळा भरला, वर एक मूठ जास्त घातली, आणि नेऊन दिला. भाभी, तुमचे सगळे पैसे फिटले, येणं-जाणं मात्र तुटलं नाही.